जर्मनीचं मागचं दार

माझे भाऊजी वासुदेवराव यांनी आजवर दीडशेच्या वर घरं पाहिली आहेत. विकत घ्यायला नाही. वर्ध्याजवळच्या आंजीतल्या किंवा आजूबाजूच्या गावातल्या मुलीचं लग्न ठरायची वेळ आली, की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात आणि जाताना वासुदेवरावांना सोबत नेतात. बाकीची मंडळी बैठकीत टेकतात, पोह्यांच्या बशा हातात घेतात, कूलर नवा आहे की जुना ते बघतात. वासुदेवराव पायातली चप्पलसुद्धा काढत नाहीत. घराला वळसा घालून सरळ मागच्या दाराशी जातात.

"समोरून तं सगळेच घर चांगले दिसते," असं त्यांचं म्हणणं. "दाखवाची जागा वेगळी अन राह्याची जागा वेगळी."

मागे जाऊन ते भांडी कोण घासतं ते पाहतात. बाया कुठे बसून जेवतात ते पाहतात. सुनेची साडी सासूच्या साडीशेजारी वाळते की गोठ्याच्या आडोशाला, तेही पाहतात. मग शेजारच्या एखाद्या म्हातारीला तिच्या म्हशीबद्दल चार प्रश्न विचारून माणसांबद्दलची उत्तरं घेऊन येतात. आणि होकार ठरेपर्यंत त्या घरच्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. अगदी मे महिन्यातही नाही. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याने या माणसाला वेडा म्हणायला हरकत नाही. मी स्वतः बऱ्याचदा म्हटलं आहे.

"ज्याचा चहा पोटात गेला त्याची भीड पडते, मास्तर. मंग नाई म्हनता येत नाई."

मास्तर म्हणजे मी. माझं नाव गोपाल. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला घर बांधून राहिलो. माझी थोरली बहीण रुख्माबाई वासुदेवरावांना दिली आहे, म्हणून त्यांच्या सगळ्या उपद्व्यापांत मला ओढायचा त्यांना हक्क आहे असं ते समजतात. दुर्दैवाने माझी बहीणही तसंच समजते.

हे पाण्याचं व्रत त्यांनी घेतलं ते छायामुळे, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. छाया त्यांची एकुलती एक मुलगी. १९९९ साली तिला आर्वीत दिली. सासरा बाजार समितीतला ओळखीचा माणूस, कापूस विकायला गेलं की दोघे एका बाकावर बसायचे. ओळखीचं घर म्हणून वासुदेवरावांनी नीट पाहिलं नाही, असं सगळे म्हणत. अकरा महिन्यांनी एका दुपारी छाया एकटीच एसटीतून आंजीला उतरली. हातात पिशवी नव्हती, पोटात चार महिन्यांचं मूल होतं आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं. ती परत गेली नाही. पियुष आंजीतच जन्मला. छाया पुढे अंगणवाडीत लागली, तिने मुलाला वाढवलं, शिकवलं. ती अजूनही ओट्यापाशी उभी राहूनच जेवते. कामाची बाई आहे, बसायला वेळ नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तर या पियुषने नर्सिंग केलं, वर्ध्याच्या एका दवाखान्यात दोन वर्षं नोकरी केली आणि दर शनिवार-रविवार नागपूरला जाऊन जर्मन भाषा शिकला. ही भाषा तो घरच्या गाईशी बोलून पक्की करायचा. गेल्या वर्षी त्याने जाहीर केलं, की त्याला जर्मनीत वृद्धाश्रमात काम मिळण्यासारखं आहे. तिथल्या एका लहान गावच्या वृद्धाश्रमाने कळवलं होतं, की आधी येऊन बघा, मग ठरवू.

रुख्माबाई रडली. वासुदेवराव खाटेवर बसून राहिले. छायाने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा पाहून येतीन. बाबा हो म्हनतीन तं जाजो. नाई तं नाई."

आम्हाला वाटलं, ती चिडून बोलतेय. पण ती चिडली नव्हती. जी बाई लोकांच्या मते बापाने घर न पाहिल्यामुळे फसली, ती आपला एकुलता एक मुलगा एका अख्ख्या देशाच्या घरात द्यायला निघाली होती, आणि पाहायला पुन्हा त्याच बापाला पाठवत होती. वासुदेवरावांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एखाद्याला जन्मठेप सुनावल्यावर असा चेहरा होत असावा.

पासपोर्टपासूनच सुरुवात झाली. चौकशीला पोलीस घरी आला. भाऊजींनी त्याला एकामागून एक तीन कप चहा पाजला. मी विचारलं, एवढा चहा कशाला? ते कानात म्हणाले, "आता तो नाई कसा म्हनते?" म्हणजे दुसऱ्याच्या घरी स्वतः पाळायचं पथ्य ते आपल्या घरी दुसऱ्यावर शस्त्र म्हणून वापरत होते. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी 'पर्यटन' लिहिलं, तर हे अडून बसले. "आपून काय फिराले चाललो का?" शेवटी मी त्यांना सांगितलं, की घर पाहायला जाणाऱ्यासाठी जर्मन सरकारने वेगळा रकाना ठेवलेला नाही. ही त्या सरकारची ढिलाई आहे असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

मला नेण्याचं कारण माझं इंग्रजी. आता जो मुलगा जर्मन बोलतो त्याच्यासोबत इंग्रजीच्या मास्तराची गरज काय, हे मी विचारलं होतं. पण मी आलो म्हणजे पाहणीला तिघे झालो, आणि तिघांनी शुभ कामाला निघायचं नसतं. आमच्याकडे अशा वेळी चौथा माणूस म्हणून एक खडा किंवा सुपारी सोबत घेतात. रुख्माबाईने देवापुढची एक गोल, गुळगुळीत सुपारी हळदकुंकू लावून वासुदेवरावांच्या बंडीच्या खिशात घातली. पाहून परत आल्यावर होकार असेल तर सगळ्यांसमोर सुपारी फोडायची, नकार असेल तर मुकाट्याने देवापुढे परत ठेवायची. आमच्याकडे लग्न ठरणं म्हणजे सुपारी फुटणंच.

विमानतळावर त्यांच्या पिशवीतून आंजीच्या विहिरीचं दोन लिटर पाणी निघालं. आत नेता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी ते ओतून दिलं नाही. तपासणीच्या रांगेत उभ्याउभ्या सगळं पिऊन टाकलं. मागे चाळीस माणसं खोळंबली होती. मी त्यांच्याशी नातं नसल्यासारखा छताकडे बघत होतो. त्यानंतर विमानात ते किती वेळा उठले, ते मी सांगणार नाही.

प्रश्न असा होता, की पंधरा दिवस पाण्याशिवाय माणूस राहणार कसा. त्यावर त्यांनी विमानातच तोडगा काढला. विकत घेतलं ते पाहुणचारात धरायचं नाही, कारण त्याची भीड पडत नाही. फुकट मिळालं ते मात्र तोंडाला लावायचं नाही. म्हणून हॉटेलातल्या नळाचं पाणी बंद. उशीवर रोज एक चॉकलेट ठेवलेलं असायचं, ते हे रोज सकाळी खाली जाऊन काउंटरवर परत द्यायचे. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने चॉकलेट आवडलं नाही असं समजून दुसऱ्या जातीचं ठेवलं. तेही परत गेलं. पाण्याची बाटली विकत आणली तर ती बुडबुड्यांची निघाली. भाऊजींनी पहिला घोट घेतला आणि बाटली लांब धरून तिच्याकडे पाहत राहिले.

"पियुष, हे पानी चावून राह्यलं रे."

गाव छोटं होतं. नाव मला धड बोलता येत नाही. बस डेपो, बाजाराची जागा आणि मधून एक लांब रस्ता, एवढं पाहून भाऊजी म्हणाले, "आर्वीच हाय हे." त्या दिवसापासून आम्ही त्या गावाला आर्वीच म्हणू लागलो. गावात जुनं देखणं चर्च होतं, टेकडीवर किल्ला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आलो होतो. मला ते पाहायचं होतं. पण आमच्या पाहणीत समोरच्या बाजूला बंदी होती. किल्ला म्हणजे गावाची बैठक, तिथे बसून काय कळणार, असं म्हणून ते आम्हाला किल्ल्याच्या मागे घेऊन गेले. मागे झाडी होती. त्यांनी झाडीकडे बराच वेळ पाहिलं, मग आम्ही परत आलो.

सकाळच्या नाश्त्याला टेबलावर चार खुर्च्या असायच्या. चौथ्या खुर्चीपुढच्या बशीत सुपारी ठेवायची आणि मग जेवायचं. पहिल्या दिवशी वेटरने ती बशी खरकटी समजून उचलली, तेव्हा त्याच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत धावत जाऊन पियुषने सुपारी परत आणली. दुसऱ्या दिवशीपासून तो वेटर त्या बशीशेजारी काटा-चमचाही मांडू लागला. त्या देशात एकदा नियम सांगितला की माणसं तो पाळतात, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला भाऊजी आम्हाला न सांगता एकटे बाहेर पडले. डोक्यावर टोपी, त्यावर कानटोपी, सदऱ्यावर माझा स्वेटर. वृद्धाश्रमाच्या रस्त्यावरची घरं त्यांनी एका टोकापासून पाहायला घेतली. म्हणजे प्रत्येक घराला वळसा घालून मागे जायचं, हात मागे बांधून उभं राहायचं, सगळं नीट पाहून पुढच्या घराच्या मागे जायचं. सहाव्या घरापर्यंत कोणी काही बोललं नाही. सातव्या घराच्या मागे दोरीवर कपडे वाळत होते. त्यात बायकांचे किती आणि पुरुषांचे किती हे ते मोजत असताना पोलिसांची गाडी आली.

पोलीस ठाण्यात आम्ही पोचलो तेव्हा ते खुर्चीत मांडी घालून बसले होते. समोर एक उंच पोलीसबाई होती, आणि टेबलावर पाण्याचा भरलेला पेला. पियुषने तिला सगळं समजावलं: लग्नाची पद्धत, मागचं दार, आपली आई, आपलं काम. ती ऐकत होती आणि लिहीत होती. मधे मी इंग्रजीत एक वाक्य बोललो. तिने मान वर केली, मला थांबायची खूण केली आणि पुन्हा पियुषकडे वळली. एकतीस वर्षांच्या नोकरीचं असं झालं.

तिची अडचण दुसरीच होती. म्हाताऱ्याला दीड तासात तीनदा पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. ताब्यातला माणूस पाणी का नाकारतो, हे तिला कागदावर लिहायचं होतं. तिने विचारलं, हे कुठून आले आहेत? पियुषने वर्धा सांगितलं. कळेना, म्हणून सेवाग्रामजवळ असं सांगितलं. तिने फोनवर शोधलं, वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिने भाऊजींकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन वरच्या साहेबाला बोलावून आणलं. तो आल्यावर तिने हळूच विचारलं, "यांच्या मागण्या काय आहेत?"

पियुषने भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "काई नाई. मले फक्त मागचं दार पाह्याचं हाय."

साहेबाने वृद्धाश्रमाला फोन लावला. अर्ध्या तासात तिथल्या व्यवस्थापक बाई सायकलवरून आल्या. पन्नाशीच्या, कापलेले पांढरे केस. मला वाटलं, संपलं, पियुषची नोकरी इथेच गेली. पियुषलाही तसंच वाटत असणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून डायरी काढली, दोन पानं उलटली आणि सांगितलं: मंगळवार, दहा वाजून वीस मिनिटं ते दहा पन्नास, मागचं दार. किती माणसं येणार?

"तीन," पियुष म्हणाला.

"चार," वासुदेवराव म्हणाले. जर्मनमधले आकडे एव्हाना त्यांना कळू लागले होते.

त्यांनी खिशातून सुपारी काढून टेबलावर ठेवली. पियुषने जितकं जमेल तितकं समजावलं. बाईंनी चार लिहिलं. मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा दारातच पाहुण्यांचे चार बिल्ले तयार होते. चौथ्यावर 'श्रीयुत सुपारी' असं छापलेलं होतं. सोबत नेहमीचा एक अर्ज होता, त्यात प्रत्येक पाहुण्याची जन्मतारीख आणि कसली लागण वगैरे आहे का ते भरायचं होतं. पियुषने सुपारीपुढे 'जन्मतारीख अज्ञात, लागण नाही' असं लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. मग आम्हाला हिरवी चमकणारी जाकिटं घालायला दिली, कारण मागच्या बाजूला गाड्या येतात. आणि बाई आम्हाला इमारतीच्या आतून न नेता, बाहेरून वळसा घालून मागे घेऊन गेल्या. वासुदेवरावांना ते फार आवडलं.

"घरधनीन समजदार हाय," ते मला म्हणाले.

मागे काय होतं? कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे. भाऊजींनी प्रत्येकाचं झाकण उघडून आत पाहिलं. चादरींची गाडी. सायकली लावायची जागा. दाराला तीन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या बाजूला एक लाकडी टेबल. त्या टेबलाशी निळ्या कपड्यातली एक मुलगी डबा खात होती. एका खुर्चीवर ती बसली होती, दुसऱ्या खुर्चीवर तिचे पाय होते.

भाऊजी थांबले. त्यांचं सगळं लक्ष त्या मुलीवर गेलं. तेवढ्यात आतून कोणीतरी घंटी वाजवली. व्यवस्थापक बाईंनी मुलीला काहीतरी म्हटलं. मुलीने पाय खाली घेतले नाहीत. घास गिळला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि एक वाक्य बोलली. बाईंनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि स्वतःच आत गेल्या.

"काय म्हने ते?" भाऊजींनी विचारलं.

"बाईनं म्हटलं का आत पाहाशीन का जरा. तिनं सांगतलं का जेवाचे अकरा मिनिटं बाकी हाय."

"अन घरधनीन?"

"ते म्हने, माफ कर. मीच जातो."

वासुदेवराव त्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले आणि पियुषला म्हणाले, तिला विचार. ती फिलिपिन्सची होती, चार वर्षं झाली होती. रोज इथेच बसून जेवते का, तर हो, थंडीत आतल्या खोलीत. खुर्ची कोणाची, तर जो बसेल त्याची. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो ते प्रत्येक घरच्या सुनेला विचारतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तिले इचार, रडू आलं तं कुठी जाते?"

पियुषने विचारलं. मुलगी आधी हसली. मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि पायऱ्यांकडे हात केला. पियुष हळूहळू सांगू लागला. पहिल्या वर्षी ती फार रडायची. या पायरीवर येऊन बसायची. व्यवस्थापक बाई यायच्या आणि शेजारी बसायच्या. बोलायच्या काही नाहीत, कारण तेव्हा तिला भाषा येत नव्हती. रडणं संपेपर्यंत बसायच्या आणि मग दोघी आत जायच्या. आताही कधीतरी रडू येतं. ते काही थांबत नाही, असं ती म्हणाली.

भाऊजी त्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. पियुष टेबलाशीच उभा राहिला. बराच वेळ त्यांनी सुपारी तळहातावर फिरवली आणि मग खाली बघतच ते बोलले.

"मास्तर, आर्वीचं घर म्या पाह्यलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"छायाच्या सासरचं. लोक म्हनते म्या पाह्यलं नाई. म्या मागं गेलतो. पन आधी चहा पेलतो. लय आग्रह केला त्याईनं, चहा दिला, पोहे दिले, शेव दिली. मंग मागं गेलो. मोठी सून गोट्यापाशी उभी राहून भाकर खात होती. माह्या खोकल्याचा आवाज आला अन तिनं भाकर पाठीमागं लपोली. म्या पाह्यलं. सगळं समजलं मले. अन बैठकीत येऊन म्या म्हटलं का घर चांगलं हाय."

माझ्या डोळ्यांसमोर ओट्यापाशी ताट घेऊन उभी असलेली छाया आली. पंचवीस वर्षं मी तिला तसं पाहत होतो आणि मला कधी काही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच वेळी त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. मी हात ठेवला. राग तसाच होता.

"तिले माहीत हाय का?" मी विचारलं.

"नाई. कोनालेच नाई. रुख्मालेबी नाई."

व्यवस्थापक बाई परत आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, दहा अठ्ठेचाळीस झाले होते. वासुदेवराव उठले, चारी बाजूंना एकदा नजर फिरवली आणि पियुषला म्हणाले, "त्या बाईले म्हन, पानी पाजा."

पियुषने ते वाक्य भाषांतर करून सांगितलं आणि मग तोंड फिरवून सायकलींकडे बघत उभा राहिला. त्याला कळलं होतं. दीड वर्ष नागपूरच्या चकरा मारून, गाईशी जर्मन बोलून त्याने हेच मागितलं होतं, आणि आता मिळालं तर त्याला रडू आवरेना. बाईंनी आतून पेला आणला. साधं, नळाचं, न चावणारं पाणी होतं. वासुदेवरावांनी ते उभ्याने एका दमात प्यायलं आणि पेला परत देताना दोन्ही हात जोडले. बाईंनीही जोडले, जरा वाकडे.

आम्ही आंजीला पोचलो तेव्हा दुपार होती. ओसरीवर रुख्माबाई, छाया आणि दोन-चार शेजारणी बसल्या होत्या. कोणी प्रवास कसा झाला ते विचारलं नाही. सगळ्या भाऊजींच्या खिशाकडे पाहत होत्या. रुख्माबाईने अडकित्ता पाटावर आणूनच ठेवला होता, पण ती त्याला हात लावत नव्हती.

भाऊजींनी सुपारी काढून पाटावर ठेवली. वृद्धाश्रमातला बिल्ला तिला अजून दोऱ्याने बांधलेला होता. मग ते शेजारणींना म्हणाले, "बाया हो, तुमी जा बरं घरी." असं त्या घरात कधी कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. बाया गेल्या. मीही उठलो, तर माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं.

आणि त्यांनी छायाला सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत: चहा, पोहे, शेव, मागचं दार, लपवलेली भाकर, बैठकीत येऊन बोललेलं वाक्य. रुख्माबाईने पदर तोंडाशी धरला. पियुष खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं, या माणसाने घात केला. पंचवीस वर्षं दाबून ठेवलं ते आजच काढायचं होतं का? आता ती याच्या शब्दावर कशी विश्वास ठेवेल? आता ती पोराला कुठेच जाऊ देणार नाही.

छाया भिंतीकडे पाहत होती. गोठ्यात गाईने दोनदा घंटा हलवली.

"सुलोचनाबाई होत्या त्या," ती शेवटी म्हणाली. "माह्या मोठ्या जाऊबाई. त्या मले सांगत, एक टोपीवाला माणूस आलता, त्यानं मले पाह्यलं. त्याईले वाटे, तो माणूस काईतरी करीन."

भाऊजींनी मान खाली घातली. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

छायाने पाटावरची सुपारी उचलली. बिल्ल्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग दोरा सोडून बिल्ला बाजूला ठेवला.

"बाबा, एकच सांगा. तठी पानी पाह्याच्या आधी पेलं का पाह्यल्यावर?"

"पाह्यल्यावर," वासुदेवराव म्हणाले.

तिने बापाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग अडकित्ता ओढून घेतला, सुपारी पात्यात धरली आणि स्वतःच फोडली.